नाचणारे थांबले तेव्हा

१२ जानेवारी, रविवार

धनश्री, उशीर झाला. वही तू दिवाळीत दिलीस आणि मी पहिली ओळ आज लिहितो आहे, संक्रांत दोन दिवसांवर आल्यावर. माफ कर. रोज काढून बघत होतो आणि परत ठेवत होतो. मी सातवी नापास माणूस. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार आणि तू पुण्यातल्या मैत्रिणींना दाखवून हसणार. तू म्हणालीस, आबा, बँडचं सगळं लिहून ठेवा, नाहीतर विसराल. विसरायची मला भीती नाही. नको ते आठवत राहतं, त्याची आहे.

आज बसलो कारण सकाळी तुझा फोन आला आणि तेव्हापासून चैन नाही. तुमच्या पुण्यातल्या संगीताच्या क्लासचा कार्यक्रम सोळा फेब्रुवारीला. प्रत्येकानं आपल्या भागातलं एक गाजलेलं गाणं घ्यायचं आणि ते जॅझ करून वाजवायचं. तू 'चिंचेखाली चुडा वाजं' घेतलंस. ते काही आम्ही केलेलं नाही, कॅसेटवरचं आहे. पण तीन-चार लग्नसराया राहात्याच्या पट्ट्यात त्या गाण्याशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नव्हता, आणि आमच्या बँडइतकं ते कोणी वाजवलं नसेल.

मी विचारलं, जॅझ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं. तू म्हणालीस, सांगता येत नाही आबा, ऐकावं लागतं. डॉक्टर असं बोलला की माणूस जास्त घाबरतो.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ वाटून झाला. धनश्रीनं मोबाईलवर चार व्हिडिओ पाठवलेत. सगळे तीन-तीनदा ऐकले. एकात टोपीवाला माणूस डोळे मिटून सॅक्सोफोन वाजवतो. सुरुवातीला चाल कळते. मग तो कुठं जातो कळत नाही. शेवटी घरी येतो. ती लिहिते की हे मूळ अमेरिकेतल्या एका नाटकातलं गाणं आहे. लोकांच्या तोंडी होतं, जॅझवाल्यांनी उचललं.

मी क्लॅरिनेट काढली. मला वाटलं जॅझ म्हणजे संथ असेल, म्हणून 'चिंचेखाली' संथ वाजवलं. धनश्रीची आजी केशरबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कोन गेलं?"

मग दोन सूर मुद्दाम चुकवून वाजवलं, कारण त्या व्हिडिओत मला तसं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुमाला जमंना आता. ठिवा ते. दम लागंल."

तेच रेकॉर्ड करून धनश्रीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, छान आहे आबा, पण हे गाणंच आहे, जॅझ नाही. मग काय केलं म्हणजे होईल? दिवसभर तोच किडा डोक्यात. वय चौऱ्याहत्तर आणि काळजी ही.

१९ जानेवारी, रविवार

धनश्री काल आली, आज दुपारी गेली. सॅक्सोफोन घेऊन आली होती. अंगणात बसून तिनं गाणं वाजवलं. पहिल्यांदा सरळ वाजवलं. मला बरं वाटलं. पोरीची फुंकर चांगली आहे, माझ्यावर गेलीय. दुसऱ्या फेऱ्याला ती चाल सोडून निघाली.

मी म्हणालो, "थांब. गाणं कुठं गेलं?"

"आहे आबा. मनात चालू ठेवायचं. खाली ते चालूच असतं, मी वर बोलतेय."

"पण ऐकणाऱ्याला कसं कळायचं?"

"ज्याला गाणं पाठ आहे त्याला कळतं. म्हणून तर गाजलेलं घ्यायचं. माहीतच नसलेलं गाणं सोडून गेलं तर सोडलं हे तरी कोणाला कळणार?"

हे मला थोडं पटलं. ते मी तिला सांगितलं नाही. मी विचारलं, म्हणजे कोणतंही गाजलेलं गाणं जॅझ होतं का. ती म्हणाली, होत नाही. काही गाण्यांत शिरायला वाटच नसते. सर म्हणतात, चाल सोडून लांब जाता आलं पाहिजे आणि तरी गाण्याच्या आतच राहता आलं पाहिजे, असं गाणं लागतं. आणि एकानं वाजवून भागत नाही. दुसरा ते उचलतो, आपल्या पद्धतीनं सांगतो, मग तिसरा. असं वाजवणाऱ्यांच्यात फिरलं की ते जॅझचं झालं.

"आणि मूळवाल्याला राग आला तर?"

"कशाचा राग आबा? त्याचं गाणं कोणी पळवत नाही."

ती गेल्यावर ध्यानात आलं की 'गाणं कुठं गेलं' हे वाक्य मी आयुष्यात आधी एकदा बोललो आहे. अगदी तसंच, तेवढ्याच मोठ्यानं. आज ते लिहीत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

लिहून टाकतो. ही वही आता धनश्रीला द्यायची नाही.

आमच्या बँडमध्ये गहिनीनाथ म्हणून ट्रंपेटवाला होता. पाथर्डीकडचा. त्याचे आईबाप ऊसतोडीला इकडच्या कारखान्याला यायचे, त्यांच्याबरोबर यायचा. कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपडीपाशी बसून एक चेपलेली ट्रंपेट वाजवत होता, तिथून मी त्याला उचलला. मीच शिकवलं, मीच गणवेश दिला. आमची भावकी तेव्हा मला हसायची. कुणब्याचं पोर वाजंत्री झालं म्हणायची. माझ्या मागं टेकायला एवढा गहिनीनाथच होता. सोळा वर्षं एका ताटात जेवलो.

आमच्याकडे लग्नाआधी परण्या काढतात. नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला नेतात. देवळात तो जुने कपडे उतरवतो आणि मामाकडचे नवे घालतो. तेवढा वेळ बँडनं बाहेर वाजवत राहायचं. थांबायचं नाही, कारण पोरं नाचत असतात. कधी दहा मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. गाणं असतं चार मिनिटांचं. मग तेच तेच परत वाजवायचं. माझा नियम होता, कॅसेटवर आहे तसंच वाजवा. लोकांना तेच पाहिजे असतं. पाय चालू राहिले की बँड चांगला. पाय थांबले की बँड पडला. याच्यापलीकडे आमच्या धंद्यात परीक्षा नाही.

गहिनीनाथला हा वेळ आवडायचा. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला तो चाल सोडायचा. सोडली की त्याच्या मर्जीनं परत. मी डोळे वटारायचो. तो म्हणायचा, "मास्तर, चारदा तेच सांगितल्याव मानूस ऐकत न्हाई. येगळं सांगावं लागतंय."

त्र्याण्णव सालच्या वैशाखात इथल्याच राधाकृष्णचं लग्न होतं. मारुतीपुढं 'चिंचेखाली' चालू होतं आणि गहिनीनाथ निघाला. त्या दिवशी फारच लांब गेला. मधे एका जागी तो खालच्या सुरांत उतरला, अगदी हळू झाला, ढोलवाल्यानंही टिपऱ्या वर धरल्या. आणि नाचणारे थांबले. सगळे, एकजात. शंभरभर माणसं उभी. देवळातून नवरदेवाचा मामा हात वर करत धावत बाहेर आला. मी समजलो, आता हा चारचौघांत आपली लाज काढणार.

तो बोलायच्या आत मीच पुढं झालो. गहिनीनाथच्या तोंडची ट्रंपेट खाली ओढली, म्हणालो, "गाणं कुठं गेलं?" आणि त्याची बँडची टोपी डोक्यावरून काढून घेतली. त्यानं गणवेशाचा कोट तिथंच काढला, घडी करून ढोलावर ठेवला आणि बनियनवर स्टँडकडे चालत गेला.

मी बरोबर होतो. मालक मीच होतो, जबाबदारी माझी होती. कोणालाही विचारा.

२ फेब्रुवारी, रविवार

धनश्रीचा फोन आला. तिच्या सरांनी विचारलंय, बँडवाले हे गाणं लांबवायचे तेव्हा मधे काय करायचे. त्यात जॅझची वाट सापडेल म्हणे. मी म्हणालो, काही नाही, परत पहिल्यापासून वाजवायचो.

केशरबाईनं फोन ओढून घेतला. "खोटं बोलत्यात तुझं आबा. एक गहिनीनाथ हुता. त्यो लई येगळं वाजवायचा. ह्यांनीच हाकलला त्याला."

"तू गप," मी म्हणालो.

"बत्तीस वर्षं गपच हाय मी."

धनश्रीनं मग सगळं विचारून घेतलं. केशरबाई सांगत होती आणि मी खाटेवर बसून पायाची नखं बघत होतो. शेवटी पोरीनं मला फोनवर बोलावलं. ओरडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "आबा, नाचायचं थांबल्यावर लोक काय करत होते?"

"काय करणार? उभे होते."

"उभे राहून काय करत होते?"

मी म्हणालो, गर्दी होती, कोणाकोणाची तोंडं बघू. तिनं बरं म्हणून फोन ठेवला. हा काय प्रश्न झाला? लोक थांबले म्हणजे थांबले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

उभे राहून काय करत होते, हे मी दोन दिवस आठवतोय. एक बाई कडेवरचं पोर रडू नये म्हणून त्याच्या तोंडावर हात धरून होती. एवढंच आठवतं. जेवण जात नाही. केशरबाई म्हणते पित्त आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

राधाकृष्णला भेटून आलो. आता तो पंचावन्नच्या पुढं गेला, पोट सुटलंय. पेरूची बाग आहे, रस्त्याला टोपल्या मांडून बसतो. मी मुद्दाम गेलो असं दाखवलं नाही. पेरू दाबून बघत बसलो.

तो म्हणाला, "काकासाहेब मास्तर, दाबू नका, सगळं पिकल्यालंच हाय. काय इचारायचं ते इचारा."

मी म्हणालो, तुझ्या परण्याला आमच्या ट्रंपेटवाल्यानं घोळ घातला होता, आठवतंय का.

"घोळ कसला? मी देवळात सदरा घालत हुतो. एक हात बाहीत घातला आन् तसाच उभा. मामा म्हनलं, घाल की लवकर. मी म्हनलं थांबा, ते संपू द्या. मग मामाबी थांबलं."

"मामा तर रागानं पळत बाहेर आले होते."

"राग कुठला? ह्यो आता वाजवायचं बंद करंल म्हनून मामा पळालं. सांगायला, की नवरदेव तयार न्हाई, वाजीव आजून. बाहेर येऊन बघत्यात तर तुमी त्याची टोपी काढलेली." तो गिऱ्हाईकाला पेरू देऊन परत माझ्याकडं वळला. "मामा शेवटपर्यंत म्हनायचं, आपुन पाच पावलं उशिरा पोचलो."

मी दोन किलो पेरू घेतले. घरी आणून ठेवलेत. कोणी खात नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हे राधाकृष्णनं मला बत्तीस वर्षांत का सांगितलं नाही? रोज त्याच रस्त्यानं जातो मी. केशरबाईला विचारलं. ती म्हणाली, "तुमी कुनाला सांगू दिलं का? त्याचं नाव काढलं की उठून जायचा."

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल पुण्यात कार्यक्रम झाला. आमचा मुलगा सुनील गाडीनं घेऊन गेला. छोटं सभागृह, शंभर-सव्वाशे खुर्च्या. मला पुढं बसवलं.

एका पोरानं कोळ्यांचं गाणं केलं, एका मुलीनं सिनेमातलं. वाजवणं चालू आणि लोक खुर्चीत गप्प. कोणाचा पाय हलेना. मला घाम फुटला. बँड पडला, असंच वाटत होतं. मग एकाचं वाजवून झालं, गाणं अजून चालूच, आणि लोकांनी मधेच टाळ्या वाजवल्या. मी सुनीलला म्हणालो, "संपलं का?" तो म्हणाला, "त्या पोराचं सांगून झालं, आता पुढच्याचं. आबा, तुम्ही नुसतं ऐका."

नुसतं ऐका. मग मी मागं वळून लोकांकडे बघितलं. सगळे पुढं झुकले होते. तोंडं थोडी उघडी. एका म्हाताऱ्यानं चष्मा काढून हातात धरला होता. मारुतीपुढं ती शंभर माणसं अशीच उभी होती. आता मला एकेकाचं तोंड दिसायला लागलं.

धनश्री आली. माईकवर म्हणाली, "हे गाणं आमच्याकडं लग्नात वाजतं. मी जन्मायच्या आधी पाथर्डीचे एक ट्रंपेटवाले हे चाल सोडून वाजवायचे. मी त्यांना ऐकलेलं नाही. त्यांचं कसं असेल ते मनानं धरून वाजवते." माझं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं नाही ते बरं केलं, आणि तरी मला वाईट वाटलं.

तिनं चांगलं वाजवलं. मधल्या जागेला ती आली तेव्हा मी खुर्चीचा दांडा धरला. तिथं गहिनीनाथ खाली उतरायचा. ती वर चढली. चुकीचं नव्हतं, लोकांनी टाळ्या दिल्या. पण ती जागा तिला माहीतच नाही.

तिचे सर नंतर मला म्हणाले, "आबा, या गाण्यात वाट आहे. तुमच्या ट्रंपेटवाल्यांनी आधीच पाडलेली असणार. तुम्हाला येते का?"

मी म्हणालो, "नाही. मी कॅसेटचं वाजवतो."

"ते असतात का अजून?"

हे मी कधी चौकशी करून बघितलंच नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

राधाकृष्णच्या ओळखीतल्या ऊसतोडीच्या मुकादमाकडून गहिनीनाथच्या घरचा नंबर मिळाला. अजून आहे म्हणे. फोन लावला. बाईनं उचलला.

"कोन बोलतंय?"

"राहात्यावरून."

"मी पंकजा, गहिनीनाथ मामांची सून बोलतीय. काय काम हुतं? मामा शेळ्या घेऊन रानात गेल्यात."

नाव सांगायला गेलो. तोंडातून निघालं, "पेरू पाहिजेत का?"

"पेरू? आमी कशाला घिऊ वो राहात्याचं पेरू, इतक्या लांबून?"

"चांगले आहेत."

"आसतील. मामांना काय दात न्हाईत खायाला."

मी विचारलं, दात नाहीत तर ट्रंपेट कशी वाजवतात.  ती म्हणाली, "ती तर कवाच इकली. तोंडानंच गुनगुनत्यात, पोराला झोपवताना. एकच गानं, पर रोज येगळं. पोरगं झोपायचं सोडून ऐकत बसतंय." मग तिनं विचारलं, "तुमी पेरूवालं न्हाई ना?"

मी फोन ठेवला. केशरबाई मागं उभी होती. म्हणाली, "पेरू इकायला लागला का आता या वयात?" हसली नाही मात्र.

२३ फेब्रुवारी, रविवार

धनश्रीला सांगितलं. ती लगेच म्हणाली, मी येते, आपण जाऊ, त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करून घेऊ. मी म्हणालो, थांब. तसं जायचं नाही. रेकॉर्डिंगसाठी आलो असं त्याला वाटेल. आणि आलोच असतो तसं, तूच सांग, हे कार्यक्रमाचं निघालं नसतं तर मी गेलो असतो का?

"मग काय करायचं आबा?"

"आधी त्याला विचारायचं."

फोनवर माझ्या तोंडून परत पेरू निघतील. पत्र लिहितो. आधी इथं, मग उतरवून काढीन.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस खाडाखोड केली. हे शेवटचं. उद्या पोस्टात टाकणार.

गहिनीनाथ,

मी काकासाहेब, राहात्याचा. पेरूचा फोन माझाच होता.

त्या दिवशी लोक ऐकायला थांबले होते. मला वाटलं, आपला बँड पडला. लोक नाचतात तेवढंच मी ओळखायला शिकलो होतो, ऐकतात कसे ते मी बघितलेलं नव्हतं. मामा तुला अजून वाजवायला सांगायला आला होता. हे मला अठरा दिवसांपूर्वी कळलं. तुला कळलं होतं का कधी? नसेल तर सगळ्यात आधी ते कळावं म्हणून लिहितो.

मी तुला शंभर माणसांत उघडा केला. मालक होतो, मला अधिकार होता, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. अधिकार होता, पण तू बरोबर होतास. या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. माफी मागतो. कमी शिकलेला आहे, याच्याहून बरी मागता येत नाही.

माझी नात धनश्री सॅक्सोफोन वाजवते. तू जे करायचास त्याला तिकडे जॅझ म्हणतात. गाजलेलं गाणं घेतात आणि एकेक जण ते आपल्या परीनं सांगतो. तिचे सर म्हणतात, असं गाणं वाजवणाऱ्याकडून वाजवणाऱ्याकडे गेलं तरच ते त्यातलं झालं, एकापाशी राहिलं तर नुसतं गाणं. 'चिंचेखाली' तुझ्यापाशी अडकलं आहे. अडकवलं मी. मधल्या जागेला पोरगी वर जाते. तू खाली कसा जायचास ते मला नीट आठवतं, पण मला गाता येत नाही. बऱ्याचदा तोंड उघडून बघितलं. येत नाही.

तिला शिकवायचं की नाही ही तुझी मर्जी. ते वेगळं. शिकवणार नसलास तरी, तू ये म्हणालास तर, मी एकटा माफी मागायला येऊन जाईन. शिकवायला तयार असलास आणि माझं तोंड बघायचं नसलं, तर ती एकटी येईल, मी स्टँडवर बसून राहीन.

पोस्टानं उत्तर लिहायला तुला जड जात असेल तर पंकजाला फोन करायला सांग. नंबर खाली दिला आहे. ये म्हण, येऊ नको म्हण, तिनं तेवढा एक शब्द सांगितला तरी चालेल. पण कळव. तुझं अडुसष्ट झालं, माझं चौऱ्याहत्तर, मला वाट बघायची सवय नाही आणि रात्रीची झोप गेली आहे. लवकर कळव.